गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी

"दुकानात बसायला डिग्री कशाला लागती गं?" आमच्या गल्लीत हा प्रश्न मला न विचारलेलं माणूस शोधावं लागेल. विचारणारे बहुतेक आमचेच गिऱ्हाईक. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाइलवरची यादी, आणि पप्पा साखर मोजेपर्यंतचा वेळ मोकळा. मग कुणाच्या तरी पाव्हण्याची पोरगी नर्सिंगला असते, कुणाची कॉम्प्युटरला, आणि "आण्णा, तुमी पोरीला दुकानच शिकवालाय व्हय?" असं येतंच. पप्पा त्यावर काही बोलत नाहीत. साखरेची पिशवी पुढं सरकवतात आणि "आणि काय?" म्हणतात.

तर काय शिकवतात ते एकदा लिहूनच टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन.

मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात बी.व्होक. (बॅचलर ऑफ व्होकेशन) रिटेल मॅनेजमेंटच्या, म्हणजे किरकोळ दुकानदारीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. बी.व्होक. हा प्रकार यूजीसीनं २०१४ मध्ये आणला. एक वर्ष करून सोडलं तर डिप्लोमा, दोन वर्षं केली तर ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तिन्ही केली तर पदवी. अभ्यासाचा ६० टक्के भाग कामाच्या कौशल्याचा, ४० टक्के नेहमीच्या कॉलेजसारखा. कौशल्याचा भाग कॉलेजानं मनानं ठरवायचा नसतो. त्यासाठी रिटेलर्स असोसिएशन्स स्किल कौन्सिल ऑफ इंडिया नावाची संस्था आहे, तिनं सेल्स असोसिएट, टीम लीडर, डिपार्टमेंट मॅनेजर अशा एकेका कामाला काय काय यायला हवं ते लिहून ठेवलंय. आमच्या वर्गात निम्मी मुलं दुकानदारांची आहेत. बाकीची, दुसरीकडं ॲडमिशन मिळालं नाही म्हणून आलेली. पहिल्या सहा महिन्यांत कोण कुठला ते ओळखू यायचं, कारण दुकानदारांची मुलं मास्तरांना मधेच थांबवायची. "सर, असं होत नाही." आता तो फरक उरलेला नाही.

या अभ्यासक्रमात मला सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट टाइमटेबलमध्येच आहे. सकाळच्या तासाला सर शिकवतात की माणूस दुकानात आल्यावर त्याला जास्त वेळ कसं थांबवायचं, आणि यादीत नसलेली वस्तू त्याच्या हातात कशी जाईल. गोडेतेल आणि आटा मागच्या भिंतीला का ठेवायचा, तर तिथवर जाताना बाकी सगळं दिसावं म्हणून. पोरांच्या नजरेच्या उंचीला चॉकलेट, मोठ्यांच्या नजरेच्या उंचीला जास्त मार्जिनचा माल, आणि ज्याला स्वस्तातलं हवंय त्यानं वाकून खालून घ्यावं. दुपारी मॅडम येतात आणि ग्राहक संरक्षण कायदा शिकवतात. एमआरपीपेक्षा जास्त कुठलाही दुकानदार घेऊ शकत नाही, पुड्यावर काय काय छापलेलं पाहिजे, फसवणूक झाली तर जायचं कुठं. सकाळच्या वहीतल्या युक्त्यांपासून दुपारच्या वहीतल्या माणसाला सावध करायचं. वही एकच आहे माझी, पुढून सरांचा विषय आणि मागून मॅडमचा. दोन्ही विषय मधल्या पानांवर येऊन भिडलेत.

बाकीची मुलं याला दोन पेपर म्हणून बघतात. मला ते जमत नाही, कारण मी घरी गल्ल्याच्या आतल्या बाजूला वाढले आणि कॉलेजच्या गावात महिन्याच्या पैशात भागवणारी गिऱ्हाईक आहे.

आधी सकाळच्या बाजूचं सांगते. त्यातलं सगळंच काही गिऱ्हाईकाला गुंडाळणं नाही. मला आवडलेला पहिला धडा दुकानाच्या जागेचा होता. विल्यम रायली नावाच्या अमेरिकन माणसानं १९३१ मध्ये एक नियम मांडला. दोन शहरांच्या मधल्या गावातली माणसं खरेदीला कुठं जातील? जे शहर मोठं आणि जवळ, तिकडं. पुढं पॉल कॉन्व्हर्सनं त्यावरून सूत्र काढलं, ज्यानं दोन शहरांमधला नेमका फुटायचा बिंदू, म्हणजे जिथून पुढं गिऱ्हाईक दुसऱ्या शहराकडं वळतं ती जागा, काढता येतो. सरांनी उदाहरण म्हणून मुंबई-पुणे घेतलं. मी वहीच्या कोपऱ्यात कोल्हापूर-सांगली घेतलं, कारण आमचं जयसिंगपूर त्या दोघांच्या मधेच आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साधारण साडेपाच लाख, सांगली-मिरज-कुपवाड पाच लाखांच्या जरा वर, मधलं अंतर पन्नासएक किलोमीटर. सूत्रात घातलं की बिंदू येतो जवळपास निम्म्यावर, हातकणंगल्याच्या बाजूला. म्हणजे जयसिंगपूर सरळसरळ सांगलीचं.

दवाखाना, मोबाइल, भांडी यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण लग्नाचा बस्ता घ्या. आमच्याकडं बस्ता बांधायला लोक सांगलीला जाण्याऐवजी उलट्या दिशेनं, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. दोन्ही घरची माणसं, एक गाडी भरून, जेवणाच्या वेळेचा अंदाज न बांधता. गांधीनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनी उभं केलेलं कपड्याचं घाऊक मार्केट. शहर म्हणून मोजलं तर ते कुठंच नाही. मी हे सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले की म्हणूनच पुढं १९६० च्या दशकात डेव्हिड हफनं लोकसंख्या बाजूला ठेवून दुकानांचा आकार आणि जायला लागणारा वेळ धरला. ते ठीक आहे. पण मानपानाच्या साड्या एकाच दुकानात, एकाच दरात, पन्नास नग मिळाल्या पाहिजेत, ही गरज हफच्या सूत्रातही कुठं बसते ते मला अजून दाखवता आलेलं नाही.

दुसरा धडा ग्राहकांचे गट पाडायचा. पुस्तकात वय, उत्पन्न, शिक्षण, राहणीमान असे गट असतात. आमच्या दुकानात गट पडतात ते पैसा कधी येतो त्यावरून. नोकरदार एक तारखेला. दूध घालणारे दर दहा दिवसांनी, दूधबिल झालं की. ऊसवाल्यांचा हिशेब वेगळाच. कारखान्यानं ऊस नेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं होणारी रक्कम, द्यावी असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ती कधी येते, किती तुकड्यांत येते, यावर आमच्या उधारीच्या वहीची पानं अवलंबून. जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद होते. त्या दिवशी मैदानात दराचं काय ठरतं ते पप्पा दुकानात बसून मोबाइलवर ऐकतात, एखाद्या शेतकऱ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन. उसाचे हप्ते लांबले की तेलाचे डबे कमी मागवायचे, हे त्यांचं फोरकास्टिंग.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोळ तालुका पाण्यात होता, आजूबाजूच्या गावांतली माणसं जयसिंगपुरात येऊन राहिली, हायवे बंद, माल येईना. मी तेव्हा शाळेत होते. तेव्हापासून पप्पा आषाढ लागायच्या आधी काडेपेट्या, मेणबत्त्या, दूधपावडर, बिस्किटं नेहमीपेक्षा जास्त भरून ठेवतात. अभ्यासात याला सेफ्टी स्टॉक म्हणतात, आणि त्याचं गणित मागच्या विक्रीच्या आकड्यांवरून करतात. पप्पा ते कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याच्या पाणीपातळीवरून करतात.

दुसऱ्या वर्षी ओजेटी होती. ऑन द जॉब ट्रेनिंग. मला कोल्हापुरातल्या एका मोठ्या सुपरमार्केटात टाकलं. नाव सांगत नाही. पहिलं काम मालाच्या मागच्या दारात. ट्रकमधून खोकी उतरली की एक्सपायरी बघायची, एमआरपी सिस्टीमशी जुळवायची, मग आत. फळीवर लावताना ज्याची तारीख आधी संपते ते पुढं. गिऱ्हाईकांना हे माहीत असतं बरं का. दह्याच्या फ्रिजमध्ये कोपरापर्यंत हात घालून मागचा डबा काढणाऱ्या काकू रोज भेटायच्या. फळीवर कुठली वस्तू किती खणांत ठेवायची त्याचा नकाशा हेड ऑफिसहून छापून येतो, त्याला प्लॅनोग्राम म्हणतात. नकाशा मुंबईत काढलेला असल्यामुळं कोल्हापुरात कांदा-लसूण चटणीला त्यात जेमतेम दोन खण. ते दुपारपर्यंत रिकामे व्हायचे आणि शेजारचं ओरेगॅनो जसंच्या तसं. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, मेल कर. मेल केला. नकाशा बदलला नाही, पण त्यानं ओरेगॅनोच्या मागं चटणी लावायला मला तोंडी परवानगी दिली.

दिवसभर उभं राहावं लागायचं. बिलिंगवाल्या मुलींनाही स्टूल नाही. गिऱ्हाईकासमोर बसलेलं बरं दिसत नाही, हे कारण. मॅडमच्या तासाला मला कळलं की केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायला जागा देणं बंधनकारक केलंय. केरळात त्यासाठी साडीच्या दुकानांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला होता. संध्याकाळी माझ्यासोबतच्या बिलिंगवालीला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग तिकडं बदली माग की." तिला व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे पायाच्या शिरा फुगण्याचा, त्रास आहे, वय माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल. सकाळच्या विषयात कर्मचाऱ्यानं हसून स्वागत कसं करावं यावर अख्खं युनिट आहे, खुर्चीवर ओळ नाही.

पण ओजेटीत खरं शिकायला मिळालं ते काउंटरशेजारच्या क्रेटपाशी. बिल करताना लोक जे नको म्हणून काढून ठेवतात ते सगळं त्या क्रेटात पडतं, आणि रात्री बंद व्हायच्या आधी कुणीतरी ते परत फळीवर लावायचं. नवी म्हणून ते काम माझ्याकडं. सुरुवातीला कंटाळा यायचा, मग मी बघायला लागले. तेल, तूरडाळ, साखर, चहा क्रेटात जवळपास कधीच नसायचं. असायचं ते काजूचं पाकीट, शाम्पूची मोठी बाटली, दोनवर एक फ्रीवाली बिस्किटं, पोरानं हळूच ट्रॉलीत टाकलेलं खेळणं. म्हणजे सकाळच्या तासाला ज्या ज्या जागेचं कौतुक शिकलो, नजरेची उंची, रांगेचं टोक, काउंटरजवळची मांडणी, तिथलाच माल. दुकानानं जे हातात दिलं होतं तेच गिऱ्हाईकानं आकडा बघून परत केलं.

एक बाई आठवतात. काउंटरच्या अलीकडं, कोल्ड्रिंकच्या फ्रिजशेजारी ट्रॉली लावून त्या मोबाइलवर बेरीज करायच्या. ट्रॉलीतल्या वस्तू एकेक वर-खाली. ठरलेल्या रकमेवर आलं की मगच रांगेत. त्यांच्या हातून क्रेटात कधी काही पडलं नाही, त्या परत फळीवर ठेवून यायच्या, तेही बरोबर जागेवर. सुपरवायझरच्या दृष्टीनं त्या वाईट गिऱ्हाईक, कारण ॲव्हरेज बिल व्हॅल्यू खाली आणतात. ॲव्हरेज बिल, एका बिलात किती नग, हे दोन आकडे रोज रात्री ग्रुपवर पडायचे. क्रेटाचा आकडा कुणीच मागितला नाही. मी मॅडमना विचारून त्यावरच दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट केला, क्रेटातला माल फळीच्या जागेप्रमाणं लिहून. बिलावरून काय खपलं ते कळतं, पण माणूस कुठल्या जागी भुलला आणि कुठं भानावर आला ते त्या क्रेटातच दिसतं. सरांनी मार्क चांगले दिले आणि शेरा मारला की या निष्कर्षाचा उपयोग परत येणारा माल कमी करण्यासाठी करता येईल. म्हणजे माणूस भानावर येणं कमी करण्यासाठी. मॅडमचा शेरा वेगळा होता, पण मार्क सरांच्या हातात.

सर वाईट नाहीत हं. उलट दोन बाजू दाखवायची सवय त्यांनीच लावली. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा जॅमचा प्रयोग त्यांनी शिकवला. २००० साली प्रसिद्ध झालेला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात चवीसाठी २४ प्रकारचे जॅम ठेवले तर बघायला गर्दी, पण थांबलेल्यांपैकी तीनच टक्क्यांनी घेतला. सहा ठेवले तर तीस टक्क्यांनी. आम्ही सगळे खूश, आता पप्पांना सांगून चहापावडरचे ब्रँड कमी करू. पुढच्याच तासाला सरांनी सांगितलं की २०१० मध्ये अशा पन्नासएक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. कधी जास्त पर्याय नडतात, कधी उपयोगी पडतात. चहापावडरचे ब्रँड आहेत तेवढेच आहेत.

आता दुपारची बाजू. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन. आताचा कायदा २०१९ चा, तो लागू झाला जुलै २०२० मध्ये. पण महाराष्ट्रात ही चळवळ कायद्याच्या बारा वर्षं आधीची. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत. मुंबईवाल्यांची पद्धत मला भारी वाटते. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, सगळ्यांची महिन्याची यादी एकत्र, पंचायत घाऊक भावानं माल घेते आणि संघापर्यंत पोचवते, तिथं आपापसांत वाटप. ना फळी, ना नजरेची उंची, ना काउंटरजवळचं चॉकलेट. मॅडम हे सांगत असताना माझ्या मनात पहिला विचार आला की अशी पंचायत आमच्या गल्लीत निघाली तर आमचं काय? घरी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "वाटप कोण करणार? चार बायकांत डाळीवरनं भांडणं लागतील आणि परत माझ्याकडंच येतील." पन्नास वर्षं चाललंय म्हटल्यावर जरा गप्प झाले.

एमआरपीच्या धड्यानंतर वर्गातल्या सगळ्यांनी आठवडाभर लोकांशी भांडणं केली. स्टँडवरच्या टपरीत थंड पाण्याच्या बाटलीला वर दोन रुपये 'कूलिंग'चे. कायद्यात कूलिंग नाही, एमआरपी सगळे कर धरूनच असते. टपरीवाला म्हणाला, मग गरम घे. पिशवीचंही तसंच. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचानं बाटा कंपनीला कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल एकूण नऊ हजारांचा भुर्दंड घातला, कारण पिशवीवर कंपनीचीच जाहिरात होती. वर्गात यावर दोन तास वाद झाला. मी कंपनीच्या बाजूनं होते, घरी कॅरीबॅग बंद झाल्यावर पप्पांचा कापडी पिशव्यांवर किती खर्च होतो ते बघते म्हणून. तीन रुपयांची जाहिरात पाठीवर घेऊन फिरायची का, हा मुद्दा मात्र खोडता आला नाही.

पाकिटांवर आता युनिट सेल प्राइस छापावी लागते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती. मॅडमनी सगळ्यांना घरातली पाकिटं आणायला लावली. मोठं पाकीट स्वस्त पडतं हा समज पहिल्या दहा मिनिटांत गेला. शाम्पूची पुडी कितीतरी ब्रँडमध्ये बाटलीपेक्षा मिलीला स्वस्त निघाली. आमच्या आज्जीला हे न मोजता माहीत होतं, ती कायम पुड्यांची माळच घेते. अडचण एवढीच की तो आकडा इतका बारीक छापतात की वर्गातल्या चष्मेवाल्यांनासुद्धा खिडकीपाशी जावं लागलं. परदेशी सुपरमार्केटांत हाच आकडा फळीवरच्या चिठ्ठीत मोठा असतो म्हणे. आमच्या प्लॅनोग्रामच्या चिठ्ठीत ऑफरचा आकडा मोठा असतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला तेव्हा दोन्ही विषय एकदम दुकानात आले. १८ टक्क्यांचे ५ झाले आणि पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यांवर काही दिवस साडेचारच्या आसपासच्या किमती दिसायला लागल्या. आठ आणे द्यायचे कुठून? पप्पांनी दोन पुडे घ्यायला लावायला सुरुवात केली, म्हणजे नऊ होतात आणि एक रुपया परत देता येतो. मी म्हटलं, पप्पा, याला युनिट्स पर ट्रान्झॅक्शन, म्हणजे एका बिलातले नग, वाढवणं म्हणतात. "काय बी म्हण, सुट्टे आण."

आणि मग पुड्यांचं प्रकरण. श्रावण आणि नवरात्राच्या आधी आमच्या घरी सगळे मिळून साबुदाणा, वरई, शेंगदाण्याच्या अर्ध्या आणि एक किलोच्या पिशव्या बांधतो. गर्दीत मोजत बसायला नको म्हणून. प्लास्टिकची साधी पिशवी, वरून गाठ. वैध मापनाच्या, म्हणजे वजन-मापाच्या, कायद्यात आणि त्याच्या २०११ च्या नियमांत लिहिलंय की गिऱ्हाईक समोर नसताना जे भरून ठेवलं ते पॅकेज, आणि पॅकेजवर भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी पाहिजे. म्हणजे आमची एकही पिशवी नियमात बसत नव्हती. इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का पप्पा दरवर्षी न चुकता मारून घेतात, त्यात कधी खोट नाही. पण पिशवीवर नाव?

"गिऱ्हाईकाला मी माहीत आहे की. नाव कशाला लिवायचं?"

"तुम्ही माहीत आहात, पण साबुदाणा कधी भरला ते कुठं माहीत आहे?"

यावर आई माझ्या बाजूनं आली, कारण मागच्या वर्षीच्या उरलेल्या शेंगदाण्यांना कडवट वास येत होता आणि ते तिलाच निवडावे लागले होते. शेवटी पप्पांनी रबरी शिक्का करून आणला. दुकानाचं नाव, पत्ता, आणि वस्तू, वजन, किंमत, महिना यांना रिकाम्या जागा. शिक्का प्लास्टिकवर पुसला जातो हे कळल्यावर आता कागदाच्या चिठ्ठ्या मारून आत टाकतो. अक्षर माझं. पप्पांना लेबल प्रिंटर नको आहे, "दिवाळीनंतर बघू" हे उत्तर गेल्या दिवाळीपासून चालू आहे.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या दोन्हीपैकी कुठल्याच पेपरात येत नाही. मागे एका दूधवाल्या मावशींनी उधारीच्या यादीत तूप, काजू, बदाम लिहून आणलं, घरात काही कार्य होतं. पप्पांनी यादी वाचली आणि तुपाचा डबा निम्म्यानं कमी केला. "एवढं आत्ता नको, पुढच्या बिलाला न्या." सरांना हे सांगितलं तर ते म्हणतील लॉस्ट सेल. मॅडम म्हणतील ग्राहकाच्या निवडीच्या हक्कात ढवळाढवळ. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "डबा दिला असता तर ती तीन बिलं दुसऱ्या दुकानात गेली असती, तोंड चुकवत." सुपरमार्केटात असं कुणी ट्रॉलीतून काढून घेत नाही, क्रेडिट कार्ड चालतं.

पुढं काय, हेही लोक विचारतात. आमच्या आधीच्या बॅचची मुलं कपड्यांच्या आणि किराणा साखळ्यांत टीम लीडर आहेत, काही पुण्यात, काही झटपट डिलिव्हरीच्या गोदामांत. पगाराची सुरुवात सांगावी अशी नाही. दोघं घरच्या दुकानात परतली. माझं मन ग्राहक संस्थांच्या कामाकडं ओढतंय, पण तिथं बहुतेक लोक बिनपगारी आहेत. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी सहकारी बझार घेतलेत, वारणा बाजारसारखे, जिथं गिऱ्हाईकच सभासद आणि म्हणून मालक. तिथंही काउंटरजवळ चॉकलेट असतं का, एवढंच आधी बघून येणार आहे.

ज्यांना प्रवेश घ्यायचाय त्यांच्यासाठी: बारावीची कुठलीही शाखा चालते. पैसे भरायच्या आधी कॉलेजला विचारा की ओजेटी कुठल्या दुकानात, किती महिने, आणि स्टायपेंड थेट तुमच्या खात्यात येणार की नाही. ग्राहक संरक्षणाचा विषय स्वतंत्र पेपर आहे की एखाद्या युनिटमध्ये गुंडाळलाय तेही बघा, काही ठिकाणी गुंडाळलेला असतो. आणि बूट मऊ तळाचे घ्या, चपलेवर पहिला आठवडासुद्धा निघत नाही.